लाखेखालची काच

खोटं कशाला बोलू, मी संशयी बाई आहे. दूध आलं की बोट बुडवून बघते, तुपाचा डबा आला की तळापर्यंत पळी घालते, आणि पाहुणे उठले की वाट्या मोजते. आमचे हे, म्हणजे मंचरच्या बाजारात कापडाची पेढी चालवणारे झुंबरलालशेठ, नेहमी म्हणायचे, "धापू, यमदूत न्यायला आला तर त्यालासुद्धा तू आधी गावाचं नाव विचारशील." विचारीन की! चुकीच्या बाईला घेऊन गेला म्हणजे?

हा स्वभाव जन्माचाच, पण काचेनं तो आणखी बिघडवला. हे एकदा पुण्याला कॅम्पात माल आणायला गेले होते. कुणी साहेब विलायतेला परत निघाला होता आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव चालला होता. ह्यांनी तिथून गवतात गुंडाळलेली एक बशी आणली. मी कपाळाला हात लावला. "अहो, साहेबाच्या टेबलावरची बशी! हिच्यात काय काय वाढलं असेल, विचार तरी केलात का? आणि जैनाच्या घरात आणताय!" दिवसभर ती मी उंबऱ्याबाहेर ठेवली. तीनदा उकळतं पाणी ओतलं. आणि मग दुपारी तिच्यावर दारातलं ऊन आलं. सगळी बशी खडीसाखरेच्या खड्यांनी भरलेली! काच आहे की साखर, कळेना. "बाई गं!" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

त्या दिवसापासून हे पुण्याला निघाले की माझं एकच, "ठशाचं काही मिळालं तर बघा." घरात जेवायला त्यातलं काहीच वापरलं नाही, ते मला जमलंही नसतं. नुसतं बघायचं, मांडायचं, पुन्हा बघायचं. ठशाची काच म्हणजे साच्यात दाबून काढलेली. चाकावर कापलेल्या काचेची धार बोटाला चावते, ठशाच्या काचेची धार मऊ असते, आणि कडेनं नख फिरवलं की साच्याची शिवण लागते, सदऱ्याला असते तशी. एकेका नक्षीला मी नाव दिलं होतं. एक खडीसाखर, एक मक्याचं कणीस, एक करवतकाठ. कापडवाल्याच्या घरात नावं दुसरी कुठून येणार? हे हसायचे, "अगं, काच आहे की सोयरीक? किती पारखशील?"

आठ वर्षांत बारा नग जमले. त्यातला राजा म्हणजे चांदणीचं भांडं. चांगलं कलिंगडाएवढं, झाकण असलेलं. तळाला चोवीस टोकांची चांदणी, झाकणावर तीच चांदणी, आणि वर कळीसारखी मूठ. त्याच चांदणीची एक बशी माझ्याकडे आधीपासून होती, म्हणून या भांड्यासाठी मी तीन वर्षं ह्यांचं डोकं खाल्लं होतं. पाण्यासारखं पांढरंशुभ्र. भरून ठेवलं तर पाणी कुठलं आणि काच कुठली, कळू नये.

आता असली वस्तू घरात आली की झोप कुणाला लागते? कुणी बदलली तर? म्हणून पेढीवर गठड्यांना लावायची लाख मी वितळवली आणि प्रत्येक नगाच्या बुडाजवळ, बाहेरच्या अंगाला, चिंचोक्याएवढा थेंब टाकून त्यावर पेढीचा शिक्का उठवला. चांदणीच्या भांड्यावर थेंब जरा जास्त पडला आणि त्याचा ओघळ खाली आला, शेपटीसारखा. मी तो तसाच राहू दिला. म्हटलं, बरंय, ओळखायला सोपं.

संवत एकोणीसशे साठच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे तीन-चारच्या, पौषात मंचरात प्लेगनं उंदीर पडायला लागले. उंदीर पडले की गाव सोडायचं, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लोकांनी माळावर खोपटी घातली. आम्ही पारगावला ओळखीच्या मळ्यात जायचं ठरवलं. तेवढ्यात सरकारचा हुकूम आला, घरांची कौलं उतरवा, आत ऊन पडू द्या, उन्हानं रोग मरतो. उतरवली. घर उघडंबोडकं झालं. अकरा नग मी कापसात गुंडाळून पेटीत घातले. चांदणीचं भांडं काही पेटीत मावेना, आणि बैलगाडीच्या धक्क्यात ते न्यायची माझी छाती होईना. ते मागच्या खोलीतल्या उंच कोनाड्यात ठेवलं आणि खोलीला कुलूप लावलं.

राहता राहिली कबुतरं. मागच्या अंगणात रोज त्यांना दाणापाणी घालायचा आमचा नेम सासूबाईंच्या वेळेपासूनचा. माणसं पळाली म्हणून पाखरांना तहानेनं मारायचं? आमच्या धर्मात ते बसत नाही. पण गाठीच्या तापानं ओस पडलेल्या गावात रोज पाय कोण ठेवणार?

गजराबाई म्हणाली, "मी घालीन की."

गजराबाई कळंबची धनगरीण. नवरा मागेच गेलेला. पन्नासेक मेंढरं आणि राघू नावाचा कर्ता मुलगा, एवढाच तिचा पसारा. घोंगड्या घेऊन पेढीवर यायची, माझी ज्वारी निवडून द्यायची. मी म्हटलं, "अगं, भीती नाही वाटत?"

"मरान काय, मेंढरामागं हिंडताना बी येतंय, शेठाणी. पाखरांनी कुनाचं काय घोडं मारलंय?"

मी तिला चाव्यांचा जुडगा दिला. मागच्या खोलीतून आत गेल्याशिवाय अंगणात जाताच येत नव्हतं, नाहीतर त्या खोलीची चावी मी दिलीच नसती. पौष ते ज्येष्ठ ती बाई कळंबहून रोज दीड कोस चालत आली आणि दीड कोस परत गेली.

मृगाच्या आधी कौलं चढली आणि आम्ही परतलो. कबुतरं होती तशी, उलट चार जास्तच. मी हातपाय न धुता मागच्या खोलीत गेले, भांडं खाली काढलं आणि पांढऱ्या बिछायतीवर ठेवलं.  भांडं जांभळट होतं. गडद नाही, पण जांभळं धुतलेलं पाणी असतं ना, तसं. पेटीतून चांदणीची बशी काढून शेजारी ठेवली. ती पाण्यासारखी पांढरी! नक्षी तीच, टोकं चोवीसच, लाखेचा शिक्का जागेवर, ओघळसुद्धा तसाच. पण रंग? रंग कुठून आला?

बदललं. दुसरं काय असणार? पुण्याच्या कुणा दलालानं गाठलं असेल हिला. लाख काय, विस्तवावर धरली की अलगद सुटते, आणि दुसऱ्या भांड्यावर चिकटवता येते.

गजराबाई चाव्या द्यायला पेढीवर आली तेव्हा चार गिऱ्हाइकं बसलेली होती. त्यांच्यादेखत मी भांडं तिच्यापुढे ठेवलं. "माझं पांढरं भांडं कुठाय?"

ती बघतच राहिली. "ह्येच की त्ये. उन्हानं रंग चढलाय त्येला. मी रोज बघत व्हते, आदी उलीसा व्हता, मंग वाढत गेला. म्हटलं शेठाणी आल्या की दावू."

मी अशी हसले की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावला. "ऐका! कापडवाल्याच्या बायकोला सांगतेय, उन्हानं रंग चढतो! अगं, आमची दोन पिढ्यांची पेढी आहे. दारात टांगलेलं लुगडं चार दिवसांत विटतं, म्हणून वर ताडपत्री बांधतो आम्ही. उन्हानं रंग उडतो, चढत नाही. चोर तो चोर, वर शिरजोर!"

ह्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं. पण मी कसली थांबते!  गजराबाईनं चाव्या गादीवर ठेवल्या आणि ती गेली. बघा, चोराच्या मनात चांदणं, असं मीच चारचौघांत म्हटलं.

गोष्ट कळंबला पोचायला कितीसा वेळ? त्यांच्यातले वडीलधारे गेणभाऊ म्हणाले, बाईनं खंडोबापुढं बेल-भंडार उचलावा. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन सांगायचं, मी खरी आहे, खोटी असले तर माझं वाटोळं होवो. त्यांच्यात यापुढं दुसरा कायदा नाही. कळंबच्या वेशीजवळच्या खंडोबाच्या घुमटीत आषाढातल्या रविवारी ती उभी राहिली. मीही गेले होते. कशाला? तिचे डोळे खाली जातात का, ते बघायला! डोळे नाही गेले. भंडारा उचलून ती मोठ्यानं म्हणाली, "भांडं त्येच हाय. मी हात बी लावला न्हाई." मी मनात म्हटलं, बाई निबर आहे.

आणि नेमकी श्रावणात तिची मेंढरं रोगानं मेली. अकरा. मेंढरं दरसाल मरतात, ते काय मला माहीत नव्हतं? पण लोक म्हणाले, खंडोबानं दाखवलं. मीही म्हटलं. नाही कशाला म्हणू?

राघूचं लग्न पारगावच्या सोमाजीच्या मुलीशी ठरलं होतं. पोरगी राघूनं जत्रेत पाहिली होती, त्याच्या मनात भरली होती. सोमाजी माणूस बरा, त्यानं लगेच मोडलं नाही. निरोप धाडला की आखितीपर्यंत वाट बघतो, तोवर डाग धुतला गेला तर मुलगी तुमची, नाहीतर दुसरं घर बघतो. अक्षय्य तृतीयेपर्यंत म्हणजे चांगले आठ-नऊ महिने होते. गजराबाई हे सांगायला एकदा माझ्या दारात आली होती. "शेठाणी, पुन्यांदा येकडाव नीट बघा. माझ्या लेकरासाटी बघा." मी म्हटलं, "मी नीटच बघते. आधी माझं पांढरं भांडं आण." आणि दार लावून घेतलं.

ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मला ठाऊक. ज्या घरी हळदीकुंकवाला जाईन तिथं फडताळाकडे नजर. ह्यांना म्हणाले, कॅम्पात चौकशी करा, कुणी चांदणीचं भांडं विकलं का. हे चौकशी करून आले, म्हणाले, "कुणी नाही विकलं. धापू, मला वाटतं तू चुकतेस." तर मला ह्यांचाच संशय आला! रीतसर आला. दोन दिवस मी बोलले नाही.

फाल्गुनात होळीच्या आदल्या दिवशी घर झाडताना ते जांभळं भांडं फडताळातून निघालं. त्याच्यावर आमच्या पेढीचा शिक्का बघून माझं डोकंच फिरलं. परक्या भांड्यावर आमचा शिक्का कशाला मिरवायचा? मी चुलीतला निखारा चिमट्यात धरला आणि लाखेजवळ नेला. लाख मऊ झाली. सुरीच्या टोकानं उचलली.

खाली काच पांढरी होती.

चिंचोक्याएवढी पांढरी खूण, आणि खाली शेपटी. मीच टाकलेला तो थेंब, मीच राहू दिलेला तो ओघळ. सगळं भांडं जांभळं आणि तेवढीच जागा पाण्यासारखी. लाख काढून दुसऱ्या भांड्यावर चिकटवली असती तर तिच्याखाली जांभळीच काच निघाली असती ना? कोनाड्यावर पाच महिने छप्पर नव्हतं. ऊन सगळीकडे लागलं, फक्त लाखेखाली नाही लागलं.

मी भांडं खाली ठेवलं.  त्याच पावली उठून कळंबची वाट धरायला हवी होती. अक्षय्य तृतीया दीड महिन्यावर होती.

पण मी मीच ना! मनात आलं, काय सांगावं, कुणी आधी तेवढाच पांढरा डाग पाडून मग वर लाख बसवली असेल. काचेला रंग द्यायची काही युक्ती असेल पुण्यात. शंभर माणसांत जाऊन नाक घासायचं तर खात्री नको? म्हणून मी पेटीतली चांदणीची बशी काढली, तिच्यावर लाखेची जाड रेघ ओढली, आणि कौलांवर, ऊन थेट लागेल अशी बांधून ठेवली. कुणाला सांगितलं नाही. ह्यांनी विचारलं तर म्हटलं, पापडांचा अंदाज घेतेय.

रोज दुपारी शिडी चढून बघायची. चैत्र गेला. बशी पांढरीच. मी म्हटलं, बघा, उन्हानं काही होत नाही! खोटं नाही सांगत, मला आनंद झाला त्या दिवशी. मग वैशाख लागला. अक्षय्य तृतीयेच्या दिवशी बशी पांढऱ्या धोतरावर ठेवून बघितली. वाटलं, जराशी झाक आलीय. हे म्हणाले, "काय निरखतेस?" मी म्हटलं, "काही नाही." झाक आहे की माझ्या डोळ्यांचा खेळ? अजून पंधरा दिवस बघू, असं मी ठरवलं. पंधरा दिवसांनी काय बिघडतंय!

ज्येष्ठात लाखेची रेघ उचलली. खाली पांढरा पट्टा, दोन्ही बाजूंना फिकट जांभळं. आता शंकेला जागाच उरली नाही.

ह्यांना सगळं सांगितलं. हे उठले आणि म्हणाले, "गाडी जोडतो." वाटेत मी म्हटलं, मी भंडारा उचलून सगळ्यांपुढे सांगणार. ह्यांनी विचारलं, "जैनाची बाई खंडोबाचा भंडारा उचलणार?" मी म्हटलं, "तिला उचलायला मीच लावला ना? मग मलाही उचलू दे." 

घुमटीपुढं गेणभाऊंनी माणसं जमवली. मी बेलाचं पान घेतलं, हळद घेतली. भांडं दाखवलं, बशी दाखवली, लाखेची जागा दाखवली. म्हटलं, "ही बाई खरी आहे. मी खोटी पडले. माझ्या संशयानं हिची अब्रू गेली." मला रडू आवरेना. बायका हळहळल्या. गेणभाऊ म्हणाले, "शेठाणीनं मन मोठं केलं. गजराबाय निर्मळ हाय, आजपासून कुनी बोलायचं न्हाई." माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. खरंच उतरला, असं मला वाटलं.

गजराबाई कडेला उभी होती. वर्षात तिचे केस पार पांढरे झाले होते. ती जवळ आली आणि भांड्यावरच्या त्या पांढऱ्या खुणेवर तिनं बोट ठेवलं.

"ही लाख कवा काडली, शेठाणी?"

सांगता आलं असतं, काल काढली म्हणून. कुणाला कळणार होतं? पण हाताला अजून भंडारा लागलेला होता. मी म्हटलं, "होळीला."

"हुळीला." ती बोटांवर मोजायला लागली. चैत, वैशाख. दुसऱ्या बोटावर थांबली. "आखितीच्या सातव्या दिशी सोमाजीनं पोरगी दिली, नारायनगावाकडं. राघू तवाधरनं मेंढरं घिऊन घाटाखाली गेलाय. यायचं नाव न्हाई त्येचं."

मी म्हटलं, "गजराबाई, मी खात्री करत होते गं."

"मी भंडारा उचलला व्हता," ती म्हणाली. ओरडली नाही, रडलीही नाही. "त्याच्यापरीस कंची खात्री पायजे व्हती तुमाला?"

 मी चांदणीचं भांडं तिच्यापुढे केलं. म्हटलं, हे तू घे, माझ्याकडे आता नको. मनापासून म्हटलं. माझ्या आयुष्यात मी कुणाला काही एवढं मनापासून दिलं नसेल.

ती एक पाऊल मागं सरकली. "न्हाई, शेठाणी. ह्ये माज्या घरात दिसलं तर उद्या नवा मानूस म्हनंल, बघा, भांडं शेवटी हिच्याच घरात निगालं. तुमी जाल मंचरला. मला हितं ऱ्हायाचंय."

मग ती जायला वळली. दोन पावलं गेली आणि थांबली. "कबुतरास्नी पानी कोन घालतंय?"

"मीच घालते," मी म्हटलं.

"घालत जावा," ती म्हणाली आणि निघून गेली.

परतताना भांडं मांडीवर घेऊन मी गाडीत बसले होते. ह्यांनी विचारलं, "घेतलं नाही तिनं?" मी मान हलवली. पुढं ओढ्याच्या उतारावर चाक दगडावर चढलं, गाडी दाणकन आदळली आणि भांडं माझ्या मांडीवरून निसटून गाडीच्या फळीवर पडलं. ज्या भांड्यासाठी मी रात्ररात्र झोपले नाही, ते पडताना मी हातसुद्धा पुढं केला नाही. फुटू दे, असंच मला वाटलं.

ते फुटलं नाही. ठशाची काच जाड असते.